कार्यप्रणाली-स्थापनेतील बिघाड : घरी जोडलेले संगणक

सुटे भाग विकत घेऊन घरी जोडलेल्या संगणकावर विंडोज, लिनक्स अशी एखादी कार्यप्रणाली प्रथमच बसवताना काम अर्ध्यात अडकणे, यंत्र हँग होणे, आपोआप रीस्टार्ट होणे, निळा स्क्रीन येणे किंवा अमुक फाइल वाचता येत नाही असा संदेश दिसणे, या सर्व प्रकारांना मिळून स्थापना-बिघाड म्हणता येते. ‘विंडोज टाकताना अडकतोय’ ही तक्रार ज्याच्या कानी येते तो बहुधा विंडोजलाच दोष देतो. दुसरी प्रत उतरवून घेतली जाते, तीही अडकली की तिसरी. प्रस्तुत नोंदीचे म्हणणे याच्या उलट आहे. नव्या यंत्रावरची स्थापना ही त्या यंत्राच्या भागांची पहिली खरी परीक्षा असते. त्यामुळे तिथे उघड होणारा दोष पुष्कळदा आधीपासून मशीनमध्ये असतो, आणि तो कुठे आहे याचा सर्वांत भरवशाचा पुरावा पडद्यावरच्या संदेशात नसून बिघाड प्रत्येक वेळी त्याच जागी होतो की जागा बदलतो यात असतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : संगणक सुरू होतो, बायोसमध्ये पूर्ण रॅम दिसते, प्रोसेसरचे नाव बरोबर येते, मग भाग सदोष कसे? उत्तर सोपे आहे. बटण दाबल्यावर होणारी प्राथमिक तपासणी भाग जागेवर आहेत का आणि प्रतिसाद देतात का एवढेच पाहते. सोळा जीबी रॅममधला प्रत्येक कप्पा काही क्षणांत तपासून होणे शक्य नाही. स्थापनेचे काम निराळे. विंडोजचा स्थापक सुरू होतानाच स्वतःची एक छोटी कार्यप्रणाली रॅममध्ये उतरवतो आणि तिथूनच चालतो. मग कित्येक जीबींची संकुचित फाइल पेनड्राइव्हवरून वाचून, रॅममध्ये उलगडून, एसएसडीवर लिहिली जाते. संकुचित माहितीत पुढचा मजकूर मागच्यावर अवलंबून असतो, म्हणून एक बिट उलटा झाला की त्यापुढचे सगळे बिघडते आणि पडताळणीचा आकडा जुळेनासा होतो. छायाचित्र पाहताना तोच बिट उलटा झाला असता तर कुठेतरी एका ठिपक्याचा रंग बदलला असता आणि कोणाच्या लक्षातही आले नसते. स्थापना अशी चूक खपवून घेत नाही.

ही केवळ तर्काची गोष्ट नाही. १९९० च्या दशकात लिनक्सचे केर्नल कंपाइल करताना ‘सिग्नल ११’ देऊन कंपायलर कोसळण्याचा अनुभव सार्वत्रिक होता. तोच आदेश पुन्हा दिला आणि या वेळी तो भलत्याच फाइलवर कोसळला, तर दोष कंपायलरमध्ये नसून बहुधा मेमरीत आहे, हे अनुमान तेव्हाच रूढ झाले. अलीकडचे उदाहरण इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचे आहे. २०२४ मध्ये या प्रोसेसरांवर काही गेम सुरू होताना ‘व्हिडिओ मेमरी अपुरी’ असा संदेश देऊन बंद पडत. संदेश वाचून लोक ग्राफिक्स कार्डवर संशय घेत. दोष मात्र प्रोसेसरमध्ये होता, आणि तो नेमका संकुचित माहिती उलगडताना पकडला जात होता. चढ्या व्होल्टेजमुळे त्या चिपांचा एक भाग कालांतराने कमकुवत होतो, हे पुढे इंटेलने मान्य केले, ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोडच्या दुरुस्त्या दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झालेली हानी त्या दुरुस्तीने भरून निघत नाही, हेही कंपनीने सांगितले. चूक दाखवणारा संदेश ती कुठे पकडली गेली ते सांगतो, कुठे जन्मली ते सांगत नाही. याचा यापेक्षा स्पष्ट दाखला मिळणे कठीण. विंडोजच्या स्थापनेत ८००७०५७० या आकड्याने संपणारा संदेश फाइल खराब असल्याचे सांगतो. ती पेनड्राइव्हवर खराब होती, केबलमधून येताना झाली की रॅममध्ये पोहोचल्यावर झाली, हे सांगण्याची त्या संदेशाची ऐपत नाही.

म्हणून काहीही बदलण्याआधी स्थापना जशीच्या तशी दोन-तीनदा करून पाहावी आणि ती कितव्या टक्क्याला, कोणत्या फाइलवर, किती मिनिटांनी अडली हे कागदावर उतरवावे. हे काम कंटाळवाणे आहे आणि बहुतेक जण ते टाळतात. पण त्याविना पुढचे सगळे उपाय अंधारात केलेले ठरतात.

दर वेळी एकाच टप्प्यावर अडत असेल तर माहितीत किंवा मांडणीत ठरलेला दोष आहे असे समजावे. आधी आयएसओ फाइल घ्यावी. ती अर्धवट उतरली असू शकते. प्रकाशकाने दिलेला शा-२५६ आकडा आपल्या प्रतीच्या आकड्याशी जुळवला की हा प्रश्न संपतो, आणि विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल ही आज्ञा आधीपासून असते. मग पेनड्राइव्ह. स्वस्तात मिळणाऱ्या काही पेनड्राइव्हमध्ये प्रत्यक्ष क्षमता लेबलपेक्षा फार कमी असते आणि कंट्रोलर खोटी क्षमता सांगतो; ठरावीक हद्द ओलांडली की लिहिलेले जागेवर राहत नाही. अशा पेनड्राइव्हवरची स्थापना सुरू छान होते आणि नेमकी मोठ्या फाइलवर आपटते. फॅट३२ पद्धतीत एक फाइल चार जीबीपर्यंतच मावते, आणि विंडोजची मुख्य प्रतिमा-फाइल आता ही मर्यादा ओलांडू शकते. ती हाताने पेनड्राइव्हवर कॉपी करायला जाणाऱ्याची तिथेच फसगत होते. रूफससारखी साधने एनटीएफएस वापरून यातून वाट काढतात, तर मायक्रोसॉफ्टची पद्धत फाइलचे तुकडे करून.

डिस्कच दिसत नसेल तर ती मेली असे धरून परत करायला निघू नये. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून काही बोर्डांवर व्हीएमडी नावाची सोय चालू असते. तिचा ड्रायव्हर दिल्याखेरीज किंवा बायोसमध्ये ती बंद केल्याखेरीज विंडोजच्या स्थापकाला एनव्हीएमई एसएसडी दिसतच नाही, बायोसला मात्र ती दिसते. डिस्क दिसते पण तिच्यावर बसवता येणार नाही असा नकार मिळाला, तर बहुधा डिस्क-विभागणीच्या जीपीटी आणि एमबीआर या पद्धतींचा घोळ असतो : पेनड्राइव्ह जुन्या लेगसी पद्धतीने सुरू झाला आणि डिस्क जीपीटीची आहे, किंवा उलट. विंडोज ७ नव्या बोर्डावर टाकताना मीडिया ड्रायव्हर नसल्याचा जो गोंधळात टाकणारा संदेश येई, त्याचे कारण त्या आवृत्तीत यूएसबी ३ चे ड्रायव्हरच नव्हते हे होते. स्थापक ज्या पेनड्राइव्हवरून सुरू झाला तोच त्याला पुढे दिसेनासा होई. विंडोज ११ टीपीएम २.० मागते आणि घरी जोडलेल्या यंत्रात ते बहुधा प्रोसेसरमध्येच असते, फक्त बायोसमध्ये चालू करावे लागते. फाइली कॉपी होऊन पहिल्या रीस्टार्टनंतर पुन्हा भाषा निवडण्याचा पडदा येणे हा तर बिघाडच नव्हे. संगणक पुन्हा पेनड्राइव्हवरून सुरू झाला एवढेच. पेनड्राइव्ह त्या क्षणी काढून घेतला की काम पुढे चालते.

‘हाच पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर चालला’ हा युक्तिवाद नेहमी पुढे येतो आणि तो अर्धाच खरा आहे. त्याने पेनड्राइव्हवरची माहिती बरीचशी निर्दोष ठरते. पण दुसऱ्या संगणकाचे पोर्ट, ड्रायव्हर आणि बायोसची मांडणी वेगळी असते. उलट बाजूने आमच्या नियमावरही एक आक्षेप रास्त आहे. स्थापक दर वेळी त्याच क्रमाने रॅम वापरत असेल, तर रॅममधला एक मेलेला कप्पा दर वेळी त्याच फाइलला गाठू शकतो आणि हार्डवेअरचा दोष माध्यमाच्या दोषासारखा दिसू शकतो. हे घडते. त्यामुळे ‘त्याच जागी’ हा पुरावा कललेला आहे, निर्णायक नाही. तपासलेली आयएसओ आणि दुसरा पेनड्राइव्ह वापरूनही जागा बदलली नाही तर संशय रॅमकडे वळवावा. ‘दर वेळी वेगळ्या जागी’ हा पुरावा मात्र अधिक बळकट, कारण पेनड्राइव्हवरची न बदलणारी फाइल स्वतःहून जागा बदलत नाही.

जागा बदलणाऱ्या बिघाडांत पहिली तपासणी रॅमच्या वेगाची. डबीवर ३६०० लिहिलेली डीडीआर४ रॅम त्या वेगाने आपोआप चालत नाही. जेडेक या मानक-संस्थेने डीडीआर४ साठी ठरवलेले वेग १६०० पासून ३२०० पर्यंत आणि व्होल्टेज १.२. त्यापुढचा वेग मिळवण्यासाठी इंटेलने २००७ मध्ये आणलेली एक्सएमपी किंवा, डीडीआर५ असेल तर, एएमडीची २०२२ मधली एक्स्पो ही मांडणी बायोसमध्ये चालू करतात, आणि एक्सएमपीत डीडीआर४ चे व्होल्टेज बहुधा १.३५ असते. जोडणाऱ्याचा आक्षेप समजण्याजोगा आहे : वेग डबीवर छापलेला आहे, त्याचेच पैसे मोजले, मग तो जास्तीचा कसा? रॅमच्या कंपनीने त्या पट्ट्यांची हमी दिली आहे हे खरे. पण रॅम प्रोसेसरमधल्या मेमरी-कंट्रोलरशी बोर्डावरच्या रेषांमधून बोलते, आणि त्या दोहोंची हमी रॅमवाल्याच्या हातात नाही. डीडीआर५ वापरणाऱ्या एएमडीच्या रायझन ७००० मालिकेचे अधिकृत आकडेच बोलके आहेत. दोन पट्ट्यांना ५२००, चार पट्ट्या लावल्या की ३६००. चार पट्ट्या लावून ६००० ची मांडणी चालू करणारा माणूस कंट्रोलरच्या घोषित मर्यादेपासून फार दूर गेलेला असतो, मग डबीवर काहीही छापलेले असो. म्हणून एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद करून स्थापना पुन्हा करणे हा फुकटातला आणि सर्वाधिक फळ देणारा उपाय आहे. तो शेवटी नव्हे, पहिल्यांदा करावा.

तरीही जागा बदलत राहिली तर मेमटेस्ट८६+ हे मुक्त साधन पेनड्राइव्हवरून चालवावे; २०२२ मधल्या सहाव्या आवृत्तीपासून ते यूईएफआय यंत्रांवरही चालते. रात्रभर चालवून एकही लाल ओळ आली तरी ती चूकच; ‘एवढ्या मोठ्या रॅममध्ये एखादी चालायचीच’ असे इथे नसते. मात्र लाल ओळ म्हणजे पट्टी खराब असा थेट निष्कर्ष काढू नये. एकेक पट्टी एकाच खाचेत, मग तीच पट्टी दुसऱ्या खाचेत अशी फिरवून पाहावी. चूक पट्टीबरोबर फिरली तर पट्टी सदोष. खाचेशी राहिली तर बोर्ड, प्रोसेसरचा कंट्रोलर किंवा सॉकेटमधली वाकलेली पिन. याउलट एकही चूक न येणे हा निर्दोषत्वाचा दाखला नाही. त्या तपासणीत ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी जवळजवळ निवांत असतात, आणि काही दोष सगळे भाग एकाच वेळी राबताना, पेटी आतून तापल्यावरच दिसतात.

जागेऐवजी वेळ ठरलेली असेल, म्हणजे सुरू केल्यापासून साधारण तितक्याच मिनिटांनी यंत्र बंद पडत असेल, तर उष्णतेकडे पाहावे. कूलरच्या तळावरचे संरक्षक प्लास्टिक न काढणे ही पहिल्यांदा जोडणाऱ्यांची सुपरिचित चूक आहे. वीज पुरवणारा एसएमपीएस कमी पडत असेल तर बहुधा भार वाढताच एकदम अंधार होतो, निळा स्क्रीनही येत नाही.

हे सगळे घरी जोडलेल्या यंत्रांत जास्त आढळते, याला २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा आधार आहे. सुमारे दहा लाख ग्राहक-संगणकांच्या कोसळण्याच्या नोंदी त्यांनी तपासल्या. नामांकित कंपन्यांच्या संगणकांपेक्षा इतर जुळवलेल्या संगणकांत हार्डवेअरचे दोष अधिक आढळले, वेग वाढवलेल्या प्रोसेसरांत ते आणखी वाढले, आणि हार्डवेअरच्या दोषाने एकदा कोसळलेले यंत्र पुन्हा कोसळण्याची शक्यता कित्येक पटींनी, काही प्रकारांत शंभरपटीपर्यंत, जास्त निघाली. यावर कोणी म्हणेल की नामांकित कंपनीही तेच भाग वापरते. भाग तेच असतील, पण कंपनी विशिष्ट बोर्डावर विशिष्ट रॅम तपासून मगच हजारो नग काढते. घरी जोडणाऱ्याच्या बाबतीत ती विशिष्ट जुळणी जगात प्रथमच होत असू शकते. बोर्ड-निर्माते तपासलेल्या रॅमची यादी प्रसिद्ध करतात. खरेदीपूर्वी ती पाहणारे थोडे.

‘एवढा विचार कशाला, एकेक भाग बदलून पाहा’ हा सल्ला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानदारासाठी योग्य आहे, कारण त्याच्या मागच्या फळीवर बदलायला भाग असतात. घरी एकच नग असतो. शिवाय प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळ्या कंपनीची, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या भागाकडे बोट दाखवू शकतो. तिथे ‘विंडोज बसत नाही’ या वाक्याला किंमत नसते. जेडेकच्या वेगावर एकच पट्टी लावून आलेल्या मेमटेस्टच्या चुकांचे छायाचित्र हा मात्र पुरावा असतो. त्या मूळ वेगावरही चुका येत असतील तर पट्टी परत करावी, आणि जोडी म्हणून घेतली असेल तर जोडीने, कारण एकट्या पट्टीच्या बदल्यात आलेली पट्टी वेगळ्या चिपांची असू शकते. चुका फक्त वाढीव वेगावर येत असतील तर एक-दोन पायऱ्या खाली उतरून वापरणे हा व्यवहार्य तोडगा आहे. त्याने रोजच्या कामात सहसा फरक जाणवत नाही.

दोष सापडून दूर झाल्यावर, आधीच्या सदोष अवस्थेत कशीबशी पुरी झालेली स्थापना ठेवू नये. खराब रॅममधून गेलेल्या फाइली डिस्कवर चुकीच्याच लिहिल्या गेलेल्या असू शकतात. एसएफसीसारखी दुरुस्तीची आज्ञा कार्यप्रणालीच्या स्वतःच्या फाइली पडताळते. त्या काळात बसवलेली इतर सॉफ्टवेअर आणि कॉपी केलेली कागदपत्रे तिच्या कक्षेत येत नाहीत. डिस्क पुसून स्थापना नव्याने करावी, आणि त्या दिवसांत त्या यंत्रावरून घेतलेल्या बॅकअपच्या प्रती मूळ प्रतींशी ताडून पाहाव्यात.