होकार, नकार आणि मौन



संगणकाच्या स्क्रिप्टिंग भाषांत, म्हणजे छोट्या आज्ञावल्या झटपट लिहिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या भाषांत, ‘खरे’ आणि ‘खोटे’ कसे लिहितात, हा आजच्या स्मृतिव्याख्यानाचा विषय आहे. तो वरवर पाहता तंत्रज्ञांचा वाटेल. परंतु होकार आणि नकार यांना चिन्हे देण्याचा इतिहास संगणकाहून फार जुना आहे आणि त्याचा एक धागा आपल्या पेडणे-डिचोलीतूनही जातो. म्हणून हा विषय इतिहासाच्या अंगाने मांडण्याचे योजिले आहे.

गोव्यात आणि तळकोकणात देवाला कौल लावण्याची प्रथा आपणांस परिचित आहे. मूर्तीला पाकळ्या लावून प्रश्न विचारायचा. सर्वसाधारणपणे उजवा कौल म्हणजे होकार, डावा म्हणजे नकार. पण पाकळी पडलीच नाही तर? तो नकार मानून कोणी उठून जात नाही; उत्तर यावयाचे आहे, असे समजून थांबतात. म्हणजे चिन्हे दोन असली तरी स्थिती तीन आहेत, याचे भान या प्रथेत आहे.

हाच ‘कौल’ शब्द पुढे लोकशाहीने उचलला. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीनीकरण हवे असेल त्याने ‘फूल’ निवडावे, केंद्रशासित प्रदेश राहावा असे वाटेल त्याने ‘दोन पाने’, अशी चिन्हे होती. पेडणे आणि डिचोली या तालुक्यांचा कल फुलाकडे होता. संपूर्ण गोव्याची बेरीज मात्र पानांच्या बाजूने गेली. पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. अंतर ३४,०२१ मतांचे. याखेरीज ७,२७२ मते बाद ठरली. ३,८८,४३२ मतदारांपैकी ७०,७९९ जण मतदानालाच आले नाहीत. या मौनाची मोजणी स्वतंत्र झाली. ते ना फुलात मिळवले गेले, ना पानांत. निकाल कोणाला रुचला, कोणाला नाही. परंतु त्याच्या विश्वासार्हतेचा एक आधार या नेटक्या हिशेबात आहे.

आता गणिताकडे वळू. इंग्रज गणिती जॉर्ज बूल यांनी १८५४ साली विचारांचे नियम बीजगणितात बसवले आणि त्यासाठी १ व ० हे अंक योजले. १९३७ साली क्लॉड शॅनन यांनी आपल्या प्रबंधात हे बीजगणित विजेच्या मंडलांना लावून दाखवले. त्यांनी मात्र ज्यातून वीज वाहते त्या जोडलेल्या मंडलाला ० आणि तुटलेल्याला १ म्हटले, कारण ते अडथळा मोजत होते. युनिक्सच्या आज्ञाभाषेतही ० म्हणजे ‘काम यशस्वी झाले’. कोणता अंक कशासाठी वापरावा, हा अशा रीतीने संकेताचा प्रश्न आहे. तो एकदा ठरला की पाळावा, एवढेच.

खरी अडचण मौनाची आहे. १९८७ साली लॅरी वॉल यांनी घडवलेल्या पर्ल भाषेत शून्य, रिकामी अक्षरमाला आणि मूल्यच न दिलेली जागा ही सारी अटीच्या वाक्यात ‘खोटी’ ठरतात. पायथन भाषा १९९१ साली बाहेर पडली. तिच्यात ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’ ही नावे २००२ साली आली, त्यांचा स्वतंत्र प्रकार २००३ साली. तोवर १ आणि ० यांवरच काम भागत असे. आजही त्या भाषेत ‘ट्रू’ अधिक ‘ट्रू’ यांची बेरीज २ येते. ‘काहीच नाही’ दाखवणारे ‘नन’ हे मूल्य तिच्यात वेगळे आहे, तरी साध्या अटीत तेही ‘खोटे’ धरले जाते. १९९५ च्या रुबी भाषेने दुसरा मार्ग पत्करला: तेथे ‘फॉल्स’ आणि ‘निल’ ही दोनच मूल्ये खोटी आहेत; शून्य तेथे खरे आहे.

हा भेद किती महत्त्वाचा, हे शाळेइतके कोणाला कळणार? गुणपत्रिकेत एका मुलाला शून्य गुण आहेत. दुसरा परीक्षेला गैरहजर होता, म्हणून त्याची जागा रिकामी आहे. ‘गुण आहेत काय?’ एवढेच ढोबळपणे विचारणारी पायथनची आज्ञावली दोघांनाही ‘नाही’ म्हणेल आणि एकाच रांगेत बसवेल. एकाने उत्तरपत्रिका लिहिली आहे, दुसऱ्याची परीक्षाच व्हावयाची आहे. यंत्राने चूक केलेली नाही. त्याला जे सांगितले तेच त्याने केले. प्रश्न नीट विचारण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याची होती. आधी ‘नोंद आहे काय?’ असे विचारावे, नंतर ‘नोंद काय आहे?’ असे.

शिधापत्रिका, मतदारयादी, शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन, या साऱ्यांच्या नोंदी आज संगणकात आहेत. तेथे रिकामी जागा ‘नाही’ म्हणून वाचली गेली, तर एखाद्याचा हक्क विनाकारण बुडू शकतो. या शाळेतून बाहेर पडलेल्या आणि आज अशा आज्ञावल्या लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, ज्याने अजून उत्तर दिलेले नाही त्याच्या तोंडी नकार घालू नका. पाकळी पडेपर्यंत थांबणाऱ्या आपल्या पूर्वजांना हा विवेक ठाऊक होता. तो आपल्या आज्ञावल्यांतही उतरावा.