हिमनांगर: बर्फ कापणारे यंत्र आणि त्याची हद्द

१/ १ मार्च १९१०. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील कॅस्केड पर्वतात, वेलिंग्टन नावाच्या लहानशा स्थानकावर ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या दोन गाड्या बर्फात अडकून उभ्या होत्या. बर्फ हटवण्याचे त्या काळातील सर्वांत बलाढ्य यंत्र कंपनीच्या ताफ्यात होते. तरीही त्या एका रात्रीत ९६ माणसे मृत्युमुखी पडली. यंत्र होते, मग हे का घडले? याचे उत्तर त्या यंत्राच्या एकेका अवयवात दडलेले आहे. 🧵

२/ आधी शब्द पाहू. इंग्रजीत या यंत्राला 'स्नोप्लाऊ', म्हणजे बर्फाचा नांगर म्हणतात. आपला जुना लाकडी नांगर जमीन फाडत जातो. लोखंडी नांगराच्या फाळामागे मात्र एक वळवलेले पाते असते आणि ते माती उचलून बाजूला पालथी घालते. हिमनांगराचे मुख्य अंग हेच वळवलेले पाते. त्याला 'मोल्डबोर्ड' म्हणतात. त्याच्या तळाशी बोल्टांनी बसवलेली पोलादी पट्टी म्हणजे 'कटिंग एज'. घासून झिजते ती पट्टी. ती बदलली की पाते पुन्हा कामाला तयार.

३/ शेतकऱ्याला मातीचा कस पाहावा लागतो, तसा येथे बर्फाचा पाहावा लागतो. नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत बर्फाचा एक घनमीटर साधारण ५० ते १०० किलो भरतो. वाऱ्याने दाबलेला, मुरलेला बर्फ ३०० किलोंच्या पुढे जातो. डोंगरावरून कोसळून थिजलेला बर्फ ५०० किलो किंवा त्याहूनही जड. नाव एकच असले तरी यंत्राच्या दृष्टीने हे तीन निरनिराळे पदार्थ आहेत. हा फरक लक्षात ठेवा. पुढची सारी कथा त्यावर उभी आहे.

४/ रेल्वेचा पहिला हिमनांगर म्हणजे एक अवाढव्य पाचर. इंजिनापुढे ती जोडायची, मागून आणखी इंजिने लावायची आणि पूर्ण वेगाने बर्फाच्या ढिगावर धडक द्यायची. अडकले की मागे यायचे, पुन्हा धडक. म्हणून या नांगराचे नाव 'बकर'. १८६० च्या दशकात सेंट्रल पॅसिफिक कंपनीने कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतातून लोहमार्ग नेला, तेव्हा एका नांगरामागे कधी कधी दहा-बारा इंजिने लावावी लागत.

५/ पाचरीचा दोष तिच्या आकारातच होता. ती बर्फ उचलून दूर नेत नाही, फक्त दोन्ही बाजूंना दाबते. दर खेपेस बाजूच्या भिंती अधिक उंच आणि घट्ट होतात, आणि एका क्षणी बर्फाला सरकायला जागाच उरत नाही. मग नांगर रुततो किंवा रुळावरून उचलला जातो. अखेर सेंट्रल पॅसिफिकने मार्गावर लाकडी छपरेच उभारली. या 'स्नोशेड'ची एकूण लांबी सुमारे ६० किलोमीटर झाली. छपरांनी बर्फ अडवला खरा, पण इंजिनाच्या ठिणग्यांनी ती पुनःपुन्हा पेटत राहिली.

६/ यावर नवी कल्पना सुचली ती एका दंतवैद्याला. टोरोंटोच्या जे. डब्ल्यू. एलियट यांनी १८६९ मध्ये एका फिरत्या चाकाचे पेटंट घेतले. बर्फ ढकलण्याऐवजी तो कापायचा, आत ओढायचा आणि दूर भिरकावायचा, हे त्यामागचे तत्त्व. यंत्र प्रत्यक्षात आणायला कोणी पुढे आले नाही आणि कल्पना कागदावर राहिली.

७/ पुढे ऑन्टारिओतील ऑरेंजव्हिल गावच्या ऑरेंज जल यांनी ती उचलली. ते पिठाची गिरणी चालवत. त्यांनी आराखडा सुधारला आणि लेस्ली बंधूंकडून यंत्र बांधून घेतले. १८८३-८४ च्या हिवाळ्यात टोरोंटोजवळ पार्कडेल येथे कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या आवारात त्याची चाचणी झाली. पुढे लेस्ली बंधूंनी हक्क विकत घेतले, रचनेत बदल केले आणि काही वर्षांतच हे यंत्र अमेरिकेच्या डोंगराळ मार्गांवर धावू लागले. त्याचे नाव 'रोटरी'.

८/ आता रोटरीचे अवयव. अग्रभागी नऊ ते बारा फूट व्यासाचे पोलादी चाक असते. त्यावर शंकूच्या आकाराच्या पोकळ पन्हळी, आणि प्रत्येक पन्हळीच्या तोंडाशी बिजागरीवर हलणारी पाती. चाक डावीकडे फिरो वा उजवीकडे, पाती आपोआप उलटतात आणि धार फिरण्याच्या दिशेला येते. कापलेला बर्फ पन्हळीत शिरतो, फिरण्याच्या जोराने बाहेर फेकला जातो आणि वरच्या झडपेतून कमान करून पार शंभर फुटांवर जाऊन पडतो. दरी ज्या बाजूला असेल, त्या बाजूला झडप वळवायची.

९/ या डब्यात स्वतंत्र बाष्पक आणि वाफेचे यंत्र असते, पण त्याची सारी शक्ती चाक फिरवण्यात खर्च होते. रोटरी स्वतः पुढे सरकत नाही. मागून एक, दोन, कधी त्याहून अधिक इंजिने तिला ढकलतात. पुढचा चालक शिट्ट्यांच्या खुणांनी मागच्यांना सांगतो: पुढे या, थांबा, मागे घ्या. वेग माणसाच्या चालण्याइतका. आणि या सर्व भट्ट्यांना अखंड लागतात दोन गोष्टी, कोळसा आणि पाणी.

१०/ रोटरी गेली म्हणजे मार्ग मोकळा झाला असे नव्हे. रेल्वेच्या चाकाला आतल्या बाजूने एक उंचवटा असतो, त्याला 'फ्लँज' म्हणतात. त्याच्यामुळेच चाक रुळावर टिकते. रुळालगतच्या खाचेत बर्फ गोठला तर फ्लँज वर उचलली जाते आणि गाडी घसरते. ती खाच खरवडणारे पाते म्हणजे 'फ्लँजर'. सांधे आणि फाटके आली की ते वर उचलावेच लागते. न उचलल्यास मार्गच उखडतो. त्यासाठी मार्गाकडेला खास खुणेचे फलक लावलेले असत.

११/ तिसरे साधन 'स्प्रेडर'. पक्ष्यासारखे दोन रुंद पंख पसरून ते बाजूच्या बर्फाच्या भिंती मागे रेटते, म्हणजे पुढच्या हिमवर्षावासाठी जागा होते. एकूण क्रम असा: रोटरी वाट काढते, फ्लँजर रूळ खरवडतो, स्प्रेडर वाट रुंद करतो. यांतला एक दुवा निखळला की बाकीच्यांचे श्रम वाया जातात.

१२/ आणि चौथे साधन? फावडे. रोटरीची पाती बर्फ कापण्यासाठी घडवलेली होती. हिमस्खलन होते तेव्हा डोंगर केवळ बर्फ खाली पाठवत नाही. त्यात मोडलेले वृक्ष, खोडे, दगड असतात. एखादे खोड चाकात गेले की पाती मोडतात आणि यंत्र बंद पडते. म्हणून ढिगारा दिसला की आधी माणसे पुढे जात, फावड्यांनी उकरून लाकूड-दगड बाहेर काढत, आणि मग रोटरी पुढे येई. यंत्राची हद्द जेथे संपे, तेथून मजुराचे काम सुरू होई.

१३/ आता पुन्हा वेलिंग्टन. फेब्रुवारी १९१० च्या अखेरीस स्पोकेनहून सिअॅटलकडे निघालेली एक प्रवासी गाडी आणि एक टपालगाडी कॅस्केड पर्वतात अडकल्या. आधी बोगद्याच्या पूर्व तोंडाशी, मग पश्चिमेला वेलिंग्टन येथे. हिमवर्षाव इतका प्रचंड की वाईट घटकांमध्ये तासाला फूटभर थर साचे. पूर्व तोंडाशी ज्या भोजनगृहात प्रवासी जेवले होते, ते गाड्या पुढे गेल्यावर हिमस्खलनाने उद्ध्वस्त केले.

१४/ विभागाचे अधीक्षक जेम्स ओ'नील दिवसरात्र रोटरींबरोबर डोंगरात होते. पण यंत्र एक ढिगारा फोडी तोवर मागे दुसरा कोसळे. झाडाखोडांनी भरलेल्या ढिगाऱ्यांपुढे पाती हतबल होती. वाट बंद, म्हणून कोळसा येईना. कोळसा नाही, म्हणून वाट उघडेना. एकेक करून सर्व रोटरी थंडावल्या.

१५/ मग उरले फावडेवाले. हे हंगामी मजूर, मजुरी तासाला १५ सेंट. जिवावरचे काम पाहून त्यांनी वाढ मागितली. ती नाकारण्यात आली आणि त्यांतले बहुतेक पायी डोंगर उतरून निघून गेले. बलाढ्य यंत्रांचा ताफा बाळगणाऱ्या कंपनीचा मार्ग अखेर ज्या दुव्यावर अडला, तो हा होता.

१६/ गाडी बोगद्यात नेऊन उभी करा, अशी प्रवाशांची विनवणी होती. बोगद्यात धूर, ओल आणि थंडी. शिवाय गाडी उबदार ठेवता येणार नाही, म्हणून ती मानली गेली नाही. काही प्रवासी जीव मुठीत धरून पायी खाली उतरले आणि वाचले. ओ'नील स्वतःही मदत आणण्यासाठी पायी निघाले. बाकीचे गाडीतच राहिले. वरचा उतार पूर्वीच्या वणव्याने उघडा पडला होता, बर्फ रोखून धरायला झाडे नव्हती.

१७/ २८ फेब्रुवारीची रात्र. बर्फाचे पावसात रूपांतर झाले, विजा कडाडू लागल्या. मध्यरात्र उलटल्यावर सुमारे अर्धा मैल लांबीचा हिमाचा थर सुटला आणि त्याने दोन्ही गाड्या उचलून सुमारे दीडशे फूट खाली टाय नदीच्या दरीत फेकल्या. मृत ९६: प्रवासी ३५, उरलेले ६१ रेल्वेचे कर्मचारी. २३ जण वाचले. शेवटचे मृतदेह हाती आले ते जुलैच्या अखेरीस, बर्फ वितळल्यावर.

१८/ अवघ्या तीन दिवसांनी, ४ मार्च १९१० रोजी, कॅनडातील रॉजर्स खिंडीत दुसरा आघात झाला. एका बाजूच्या डोंगरावरून आलेला ढिगारा मजूर आणि रोटरी मिळून उपसत होते. मध्यरात्रीच्या सुमारास समोरच्या डोंगरावरून दुसरे हिमस्खलन आले. ५८ कामगार गाडले गेले. त्यांतले ३२ जपानी मजूर होते. मार्ग मोकळा करण्यासाठी खणलेल्या चरातच ते उभे होते.

१९/ वेलिंग्टनचे प्रकरण न्यायालयात गेले. १९१४ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला दोषमुक्त केले; ही दैवी आपत्ती ठरली. पण कंपन्यांनी पुढे जे केले, ते दैवावर हवाला ठेवणाऱ्यांचे वर्तन नव्हते. ग्रेट नॉर्दर्नने काँक्रीटची छपरे बांधली आणि १९२९ मध्ये सुमारे साडेबारा किलोमीटरचा नवा कॅस्केड बोगदा खुला केला. कॅनेडियन पॅसिफिकने १९१६ मध्ये आठ किलोमीटरच्या कॉनॉट बोगद्यातून रॉजर्स खिंडीचा मार्ग डोंगराखाली नेला. वेलिंग्टन स्थानकाचे नावही बदलून 'टाय' करण्यात आले.

२०/ म्हणजे शहाणपणाचा क्रम असा दिसतो: बर्फ ढकला, बर्फ कापा, आणि तेही पुरेना तेव्हा बर्फाची वाटच सोडा. तरी हा धडा सर्वत्र एकदम गिरवला गेला नाही. जानेवारी १९५२ मध्ये सिएरा नेवाडात 'सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को' ही आरामदायी गाडी २२६ जणांसह तीन दिवस बर्फात अडकली. डिझेलची इंजिने आली होती, पण मदतीला निघालेल्या रोटरीही बर्फात अडकून पडल्या.

२१/ रस्त्यांवर हेच तत्त्व लहान रूपात उतरले. क्वेबेकच्या आर्थर सिकार्ड यांनी १९२५ मध्ये मोटारीवर बसणारे बर्फफेके यंत्र तयार केले. त्याची प्रेरणा होती शेतातले मळणीयंत्र. आज हिमालयात सीमा सडक संघटना ज्याला 'स्नो कटर' म्हणते, ते याच कुळातले. आणि निवडही तीच: रोहतांगची खिंड दरवर्षी उपसण्यापेक्षा खालून जाणारा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. जोजिलाखालीही बोगदा खोदला जात आहे.

२२/ बर्फाच्या दोन उंच भिंतींमधून जाणाऱ्या हिमालयीन रस्त्याचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. पुढच्या वेळी ती भिंत न्याहाळा. सरळसोट उभी कापलेली असेल, तर तेथून फिरते चाक गेले आहे. उतरता, ओबडधोबड ढीग असेल, तर पात्याने ढकलले आहे. आणि भिंतीत एखादे झाडाचे खोड वा धोंडा डोकावताना दिसला, तर समजा की तेथे यंत्र थांबले होते आणि फावडे घेतलेली माणसे पुढे झाली होती. इतिहासात यंत्राचे पेटंट घेणाऱ्यांची नावे सहज सापडतात. त्या माणसांची शोधावी लागतात.