पाने कोणी वेचायची? नाताळानंतरच्या आवराआवरीचा इतिहास

बाराव्या रात्रीनंतर नाताळाची सजावट घरात राहू दिली तर वर्षभर अपशकुन मागे लागतो, अशी समजूत इंग्लंडमध्ये आजही आढळते. (ही बारावी रात्र ५ जानेवारीची की ६ची, हा वाद तिथे दरवर्षी नव्याने रंगतो.) सतराव्या शतकातील साक्ष मात्र आवराआवरीसाठी जवळजवळ महिनाभर पुढचा दिवस सांगते : २ फेब्रुवारी, म्हणजे कँडलमस.

२५ डिसेंबर धरून मोजले, तर हा चाळिसावा दिवस. मोशेच्या नियमशास्त्रानुसार पुत्रजन्मानंतर मातेची शुद्धी चाळीस दिवसांनी होत असे. मेरीच्या त्या शुद्धीचा हा सण. आपल्याकडील बाळंतिणीच्या सव्वा महिन्याची आठवण इथे सहज व्हावी.

या रीतीचे सर्वांत तपशीलवार चित्र कवी रॉबर्ट हेरिकच्या 'हेस्पेरिडीज' या संग्रहात (१६४८) सापडते. हेरिक हा डेव्हनमधील डीन प्रायर गावचा धर्मोपदेशक. कँडलमसच्या पूर्वसंध्येला रोझमेरी, हॉली, आयव्ही, मिसलटो सारे उतरवायचे; पण भिंती उघड्या ठेवायच्या नाहीत. हॉलीच्या जागी बॉक्स नावाचे सदाहरित झुडूप येई, ईस्टरला यू वृक्षाच्या फांद्या, व्हिटसनला बर्च आणि ताजी फुले. नाताळाच्या ओंडक्याचा जळका तुकडाही जपून ठेवत. पुढल्या वर्षीचा ओंडका त्यावरच पेटवायचा असे.

आता काळ पाहा. जून १६४७ मध्ये पार्लमेंटने नाताळासह प्रमुख धार्मिक सण रद्द केले. त्याच वर्षी हेरिकला डीन प्रायरमधून हटवण्यात आले. त्या नाताळात कँटरबरीच्या महापौराने बाजार उघडा ठेवण्याचा हुकूम काढला, तेव्हा दंगल उसळली आणि लोकांनी दारांना हॉली लावली. सजावट करणेच बंडखोरी ठरलेल्या दिवसांत सजावट उतरवण्याच्या रीतीवरील कविता छापली गेली, हे ध्यानात घेऊनच ती वाचायला हवी.

पुढे व्हिक्टोरिया राणीच्या काळात आवराआवरी बाराव्या रात्रीकडे सरकली. कारखान्याच्या भोंग्यावर चालणाऱ्या समाजाला चाळीस दिवसांचा सण परवडेनासा झाला असावा, असे मला वाटते. तारीख बदलली, तरी मागे राहिलेल्या पानांची भीती टिकली.

हेरिकच्या कवितेत ती भीती कोणाला घातली आहे? मोलकरणींना. दिवाणखान्यात जितकी पाने राहतील, तितकी भुते तुम्हाला दिसतील, असे तो त्यांना बजावतो. मालकाला भूत दिसत नाही! कामावर परतण्याचा क्रमही असाच बोलका आहे. ७ जानेवारीला 'सेंट डिस्टाफचा दिवस'. या नावाचा संत कधीच नव्हता. डिस्टाफ म्हणजे सूत कातताना तंतू गुंडाळून ठेवण्याची काठी. बारा दिवसांचा सण संपताच दुसऱ्या दिवशी स्त्रिया कातायला बसत. नांगरणारे पुरुष त्यांचे जवसाचे तंतू गमतीने पेटवून देत आणि त्या बादलीभर पाण्याने त्यांना भिजवत. पुरुषांचा नांगर मात्र ६ जानेवारीनंतरच्या पहिल्या सोमवारची वाट पाहत असे, आणि तो दिवसही बराचसा मिरवणुकीत जाई.

हेरिकचे स्वतःचे घर प्रुडन्स बाल्डविन ही मोलकरीण सांभाळत होती. 'हेस्पेरिडीज'मध्ये त्याने तिच्यावर मृत्युलेखही लिहून ठेवला आहे. तेव्हा ती हयात होती. हेरिक १६७४ मध्ये वारला. प्रुडन्स त्यानंतरही काही वर्षे जगली.