हळद एकस्व प्रकरण

हळद एकस्व प्रकरण हे जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याच्या रीतीवर अमेरिकेत दिलेले एकस्व (पेटंट) पूर्वप्रकटनाच्या पुराव्यावरून रद्द झाल्याचे प्रकरण होय. ५४०१५०४ क्रमांकाचे हे एकस्व २८ मार्च १९९५ रोजी मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास मिळाले. हळदीची पूड पोटात देऊन अथवा जखमेवर लावून जखम बरी करणे, असा त्यातील मुख्य दावा होता. भारतातील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये त्याच्या फेरतपासणीची मागणी केली. मूळचे गोव्यातील माशेलचे रघुनाथ माशेलकर तेव्हा परिषदेचे महासंचालक होते.

पुराव्याचा प्रश्न

जे आधीच लोकांपुढे आले आहे त्यावर एकस्व मिळत नाही, हे तत्त्व सर्वमान्य आहे. अडचण होती ती सिद्धतेची. तत्कालीन अमेरिकी कायद्यानुसार अन्य देशातील नुसता वापर किंवा तोंडी चालत आलेली माहिती पूर्वज्ञान म्हणून धरली जात नसे. परदेशातील एकस्व किंवा छापील मजकूरच ग्राह्य होता. फेरतपासणीतही याच दोन प्रकारांचा आधार घेता येई. त्यामुळे बोट कापले की चिमूटभर हळद दाबायची, ही घराघरांतील रीत कितीही जुनी असली तरी तिचे पुराव्यादाखल मोल शून्य होते. शिवाय मजकूर अर्जाच्या एक वर्षाहून अधिक आधी छापलेला असला, तर ‘शोध त्यापूर्वीच लागला होता’ असे सांगण्याची वाट अर्जदाराला बंद होई. म्हणून प्रकाशनाची तारीख निर्णायक होती.

परिषदेने संस्कृत, हिंदी व उर्दू ग्रंथांसह ३२ संदर्भ सादर केले. काही शंभर वर्षांहून जुने होते. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील १९५३ चा लेखही त्यांत होता. पूड आणि लेप यांचे शरीरातील शोषण भिन्न असते, असा बचाव एकस्वधारकांनी केला. या संदर्भांच्या प्रकाशात दोन्ही समतुल्य ठरतात, असे म्हणून परीक्षकाने तो अमान्य केला. १९९७ मध्ये सर्व दावे नाकारले गेले व १९९८ मध्ये तसे प्रमाणपत्र निघाले.

पुढील घडामोडी

परीक्षकाला वाचता येईल अशा भाषेत पुरावा हाताशी असावा, या हेतूने भारताने २००१ पासून पारंपरिक ज्ञान डिजिटल ग्रंथालय उभारले. त्यातील माहिती इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, जपानी व स्पॅनिश भाषांत आहे. अमेरिकेने १६ मार्च २०१३ पासून लागू केलेल्या सुधारणेनुसार जगात कोठेही झालेला सार्वजनिक वापर आता पूर्वज्ञान म्हणून धरला जातो.