स्टिअरिंग का थरथरतं? शंभर वर्षं जुना बग

काटा नव्वदच्या पुढे गेला की स्टिअरिंग थरथरतं आणि सत्तरवर आलं की सगळं शांत. हे तुम्हीही अनुभवलं असेल. आज या थरथरीचा इतिहास ऐकू या, कारण तो कळला की गॅरेजमध्ये काय विचारायचं तेही कळतं.

तर, १९२० च्या दशकातली अमेरिका. तोवर टायर अरुंद आणि कडक असायचे. १९२३ मध्ये फायरस्टोनने 'बलून टायर' आणले, रुंद आणि कमी हवेचे. त्याच सुमारास पुढच्या चाकांनाही ब्रेक आले. म्हणजे चाक जड झालं, टायर लवचिक झाला आणि वेगही वाढला. मग पुढची चाकं डावी-उजवीकडे नाचायला लागली. लोकांनी या प्रकाराला तेव्हाच्या एका गाजलेल्या नाचाचंच नाव दिलं: 'शिमी'.

गडबड कुठे होती? दोन्ही चाकं एकाच सलग अ‍ॅक्सलवर. एक चाक उचललं की दुसरंही कलायचं. आणि वेगात फिरणारं चाक कललं की ते आपोआप वळायला बघतं. सायकलचं फिरतं चाक हातात धरून कलवा, लगेच जाणवेल. मोरिस ऑली हा इंजिनिअर १९३० मध्ये रोल्स-रॉइस सोडून कॅडिलॅकमध्ये गेला होता. त्याला गाडी आरामदायी करायची होती, पण पुढच्या स्प्रिंग मऊ केल्या की शिमी वाढायची. शेवटी जनरल मोटर्सने १९३४ च्या मॉडेल्समध्ये पुढची दोन्ही चाकं एकमेकांपासून स्वतंत्र केली.

आजच्या बहुतेक कारमध्ये हेच सस्पेन्शन असतं. मग आता थरथर कसली? बहुतेक वेळा चाकाच्या बॅलन्सिंगची. थोडं गणित करू. शंभरच्या वेगाला साधारण कारचं चाक सेकंदाला १४ फेऱ्या मारतं. रिमच्या कडेला फक्त २० ग्रॅमचा फरक असला, तरी प्रत्येक फेरीत सुमारे ३ किलोचा हिसका बसतो. पन्नासला तोच हिसका पाऊण किलोच असतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणून शहरात काही कळत नाही आणि २००२ मध्ये पूर्ण सुरू झालेल्या मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर सगळं उघडं पडतं.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे माझा पहिला प्रश्न असतो: बग नेमका कधी येतो?

ठरावीक वेगालाच स्टिअरिंग हलतं? पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग बघा. रिमच्या आत चिखल वाळलाय का, तेही. सीट जास्त हलते? मग मागची चाकं. फक्त ब्रेक दाबल्यावर? डिस्क. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर? ड्राइव्ह शाफ्ट. गाडी एका बाजूला ओढते? ते अलाइनमेंट, वेगळं काम. खात्री करायला पुढची चाकं मागे लावून बघा. थरथर सीटखाली गेली, तर दोष चाकातच आहे.

एक मात्र लक्षात ठेवा. थरथर अचानक सुरू झाली तर हळूहळू वेग कमी करून सुरक्षित जागी थांबा. टायरला फुगा आलाय का, चाकाचे नट ढिले आहेत का, ते आधी बघा. यातलं काहीही दिसलं, तर गाडी तशीच पुढे दामटू नका.

भेटू पुढच्या भागात!