४२.३४ मीटरवरचा कोल्हा

आजचा एपिसोड लपाछपीचा आहे.

मी मूळचा सिरोंच्याचा. पोटासाठी कोड लिहितो आणि वेड आहे हॅम रेडिओचं. या छंदात ‘फॉक्स हंटिंग’ नावाचा खेळ असतो. रानात पाच छोटे ट्रान्समीटर लपवतात. एकेक जण आळीपाळीने मिनिटभर मोर्समध्ये बोलतो आणि गप्प होतो. आपण अँटेना घेऊन त्यांना शोधत धावायचं.

युक्ती सोपी आहे. अँटेना गोल फिरवली की एका कोनात आवाज एकदम बारीक होतो. त्यावरून दिशा कळते. नकाशावर रेघ मारा, दुसऱ्या जागी जाऊन दुसरी रेघ मारा. रेघा छेदतात तिथं कोल्हा! म्हणजे बघा, ट्रान्समीटर बोलला की त्याचा माग लागतो. वाचायचं तर कमी बोलायचं आणि जागा बदलायची.

१९४२ मध्ये मुंबईत हा खेळ खराखुरा झाला. ९ ऑगस्टला नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं होती. महायुद्धामुळे हॅम मंडळींना आपले ट्रान्समीटर आधीच पोलिसांकडे जमा करावे लागले होते. अशात २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी २७ ऑगस्टला गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू केला. शिकागो रेडिओच्या नानक मोटवानींनी सामान पुरवलं, राममनोहर लोहिया पाठीशी होते. घोषणा व्हायची ती ४२.३४ मीटरवरून, ‘भारतात कुठूनतरी’.

एवढा धोका कशासाठी? उत्तर आपल्याच भागात आहे. १६ ऑगस्टला चिमूर पेटलं. लोकांनी मोर्चा काढला, गोळीबार झाला, अधिकारी मारले गेले. मग लष्कर आलं आणि गावातल्या बायकांवर अत्याचार झाले. तेव्हा चिमूर आणि सिरोंचा, दोन्ही एकाच चांदा जिल्ह्यात. छापील वर्तमानपत्रं ज्याला हात लावायला धजत नव्हती, ती आष्टी-चिमूरची हकिगत या रेडिओनं देशाला ऐकवली.

पोलिसांच्या गाड्या दिशाशोधक यंत्रं घेऊन मुंबईत फिरत होत्या. उषाताईंची मंडळी ट्रान्समीटर घेऊन एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जात राहिली. हे जवळजवळ तीन महिने चाललं. शेवटी १२ नोव्हेंबरला गिरगावच्या पारेखवाडीत पोलिस शिरले, तेव्हा कार्यक्रम चालूच होता. आणि पत्ता दाखवला कोणी? आतल्या गोटातल्या एका तंत्रज्ञानं! दोन रेघांचं गणित उषाताईंना ठाऊक होतं, त्यावर जागा बदलण्याचा उपाय होता. फितुरीवर तो चालला नाही.

उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. १९४६ मध्ये त्या सुटल्या, १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळालं.

आता एक छोटा हिशोब. ४२.३४ मीटर म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. ही फ्रिक्वेन्सी आज हॅमच्या ४० मीटर बँडमध्ये येते. परीक्षा देऊन परवाना काढला, की तिथं उघडपणे, स्वतःचं कॉलसाइन सांगून बोलता येतं. वयाची अट फक्त १२ वर्षांची.

शॉर्टवेव्ह रिसीव्हर हाताशी असेल तर आज रात्री तिथं काटा नेऊन बघा. कोण बोलतंय ते मला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!