रानातले गवत आणि घरी बनवलेला कॅमेरा

१/ १९२८ साली जर्मनीत १२० छायाचित्रांचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले : ‘उरफॉर्मेन डेर कुन्स्ट’, म्हणजे ‘कलेची आद्यरूपे’. त्यात भोपळ्याचे तणावे लोखंडी जाळीच्या नक्षीसारखे दिसत होते. छायाचित्रे काढणारे कार्ल ब्लॉसफेल्ट (१८६५–१९३२) पेशाने मात्र शिक्षक होते.

२/ तरुणपणी त्यांनी ओतीव लोखंडाच्या कारखान्यात उमेदवारी केली होती. १८९८ पासून ते बर्लिनच्या कलाशाळेत वनस्पतींवरून नक्षीकाम शिकवू लागले. पण तोडलेली फुले कोमेजत आणि बारीक कळ्या मागच्या बाकावरून दिसत नसत. त्यावर उपाय म्हणजे छायाचित्र.

३/ त्यांचा लाकडी कॅमेरा घरीच बनवलेला होता. त्याला लांब भाता होता आणि आत काचेच्या प्लेट्स. झाडामागे करडा किंवा पांढरा पुठ्ठा असे. प्रकाश दिवसाचा, मऊ.

४/ भाता लांब का? प्रतिमा वस्तूएवढी हवी असेल, तर भिंग आणि प्लेट यांतील अंतर नाभीय अंतराच्या दुप्पट करावे लागते. तेव्हा प्लेटवरचा प्रकाश एक-चतुर्थांश उरतो. दहापट प्रतिमेसाठी अंतर अकरापट होते आणि प्रकाश १२१ वा भाग!

५/ शिवाय इतक्या जवळून स्पष्ट दिसणारा पट्टा अगदी अरुंद असतो. तो वाढवायचा तर भिंगाचे छिद्र लहान करावे लागते आणि प्रकाश आणखी घटतो. म्हणून एका चित्राला कित्येक मिनिटे लागत. वाऱ्यावर डोलणारी फांदी इथे निरुपयोगी. ती तोडून घरात स्थिर करणे भाग होते.

६/ १९२६ मध्ये कार्ल निरेनडॉर्फ यांनी ही चित्रे बर्लिनमध्ये प्रदर्शनात मांडली. पुस्तक आल्यावर वॉल्टर बेंजामिन यांनी त्यावर लिहिले. वर्गातली साधने आधुनिक कला ठरली आणि निसर्गाचे निर्विकार चित्रण म्हणून गाजली.

७/ मात्र ब्लॉसफेल्ट नको असलेली पाने छाटत, देठ हवे तसे मांडत. माती, ऊन, शेजारची झाडे चौकटीबाहेर राहत. यात फसवणूक नव्हती. विद्यार्थ्यांना आकार नीट दिसावा, एवढाच हेतू होता. प्रेक्षक बदलले तेव्हा तो हेतू विसरला गेला.

८/ आज खिडकीपाशी पुठ्ठा उभा करून बोन्सायचे छायाचित्र घेणाऱ्याची मांडणी बहुतांशी तीच असते. म्हणूनच जुने छायाचित्र पुरावा म्हणून वापरताना दोन प्रश्न आधी विचारावेत : ते कोणासाठी काढले होते, आणि चौकटीतून काय वगळले होते?